शंभर टक्के राउट झालेला बोर्ड शेतात का अडला: जळगावच्या एका पंप कंट्रोलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव एमआयडीसीतलं एक छोटं युनिट. शेतीपंपाचे स्टार्टर पॅनल बनवणं हा त्यांचा जुना धंदा: पत्र्याचा डबा, आत कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, अँपिअर मीटर, वर हिरवं-लाल बटण. मालकांना सगळे नाना म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील काढले आहेत. मी या प्रकरणात बाहेरून बोर्ड तपासायला बोलावलेला माणूस.

खान्देशात ‘मोबाइल ऑटो’ला गिऱ्हाईक का आहे हे वेगळं सांगायला नको. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. केळीच्या बागेला उन्हाळ्यात पाण्याचा खंड चालत नाही, आणि रात्री दोनला लाईट आली म्हणून विहिरीवर जायचं तर साप-विंचवाचं भय. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचंही. फोनवरून मोटर चालू-बंद करणारा, फेज गेला किंवा विहिरीचं पाणी तुटलं की मोटर आपोआप थांबवणारा डबा त्यामुळे रावेर-यावलपासून पारोळा-अमळनेरपर्यंत सगळीकडे खपतो. नाना आधी दुसऱ्याचे तयार बोर्ड आणून आपल्या डब्यात बसवत. पण त्यात सुटणारे पैसे बोर्डवाल्याच्याच खिशात जात, म्हणून स्वतःचा बोर्ड करायचं ठरलं.

काम युनिटमधल्याच एका तरुण डिझायनरकडे आलं. मुलगा हुशार, फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्राममध्ये) पक्का, सर्किटही त्याने विचार करून काढलेलं. बोर्डवर काय काय होतं: तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजणाऱ्या रेझिस्टरच्या साखळ्या, मोटरचा करंट मोजायला दोन सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), कॉन्टॅक्टरला हुकूम देणारे दोन रिले, १२ व्होल्टवरून ४ व्होल्ट करणारा बक रेग्युलेटर, ४८ पिनांचा मायक्रोकंट्रोलर आणि टू-जी जीएसएम मॉड्यूल. दोन लेयरचा बोर्ड, म्हणजे वर-खाली तांब्याचे दोन थर, ३५ मायक्रॉन तांबं. बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर कीकॅड.

राउटिंग म्हणजे पार्टच्या पिना तांब्याच्या रेघांनी, म्हणजे ट्रेसनी, जोडणं. ते आपोआप करणारा स्वतःचा ऑटोराउटर कीकॅडमध्ये आता नाही. जुना होता तो पाचव्या आवृत्तीत काढून टाकला गेला. हाताने राउटिंग करताना बाकीचे ट्रेस बाजूला ढकलत नेणारं जे साधन त्यात आहे ते सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या मदतीने आलं, आणि ते उत्तम आहे, पण ट्रेस माणसालाच काढावा लागतो. मुलाने दुसरी वाट धरली. बोर्डची डीएसएन फाइल काढायची, फ्रीराउटिंग नावाच्या मोफत प्रोग्रामला द्यायची, त्याने राउट केलेली एसईएस फाइल परत आत घ्यायची. रूढ वाट आहे, हजारो लोक वापरतात.

सीझन तोंडावर होता. पार्ट बोर्डवर बसवले, संध्याकाळी राउटर लावला. सकाळी स्क्रीनवर १०० टक्के पूर्ण, एकही नेट (एकमेकांना जोडायच्या पिनांचा गट) बाकी नाही. डीआरसीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत, शून्य चुका. गर्बर फाइली त्याच दिवशी बोर्ड बनवणाऱ्याकडे गेल्या.

राउटरला काय दिलं होतं

पुढचं समजायला इथे थोडं थांबायला हवं. ऑटोराउटरवर लोक दोन टोकांनी बोलतात. एक म्हणतो जादू आहे, दुसरा म्हणतो हात लावू नका. दोघांनीही तो काय सोडवतो हे नीट पाहिलेलं नसतं.

सी. वाय. ली यांनी १९६१ साली मांडलेली पद्धत अजून या विषयाचा पाया आहे. बोर्डवर चौकटी आखा, एका पॅडपासून (पार्टची पिन बसते त्या तांब्याच्या जागेपासून) सगळीकडे घर-घर मोजत पसरत जा, दुसरं पॅड लागलं की आलेल्या वाटेने मागे या. वाट असेल तर ती सापडणारच, आणि सगळ्यांत आखूड सापडणार. पुढचे राउटर चौकटी सोडून आकारांवर काम करू लागले, अडला ट्रेस उखडून पुन्हा टाकू लागले, प्रत्येक व्हायाला (एका लेयरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भोकाला) आणि प्रत्येक वळणाला ‘किंमत’ लावून एकूण किंमत कमी करू लागले. फ्रीराउटिंगही याच घराण्यातला. पण प्रश्न तोच राहिला: हे पॅड त्या पॅडला जोडा, दिलेलं अंतर राखा, जमेल तितकं स्वस्तात.

या प्रश्नात करंट कुठेच नाही. राउटरच्या दृष्टीने एलईडीला जाणारा ५ मिलिअँपिअरचा ट्रेस आणि जीएसएम मॉड्यूलला जाणारा २ अँपिअरचा ट्रेस सारखेच, तुम्ही नेटला वेगळी जाडी लावून दिली नसेल तर. इथे लावलेली नव्हती. सगळ्या बोर्डला एकच नेट क्लास, म्हणजे नियमांचा एकच संच: ट्रेसची रुंदी ०.३ मिमी, अंतर ०.२५ मिमी. शिवाय स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) एका नेटवरचे सगळे बिंदू एकच असतात. मॉड्यूलला लागणारा मोठा कॅपॅसिटर मॉड्यूलच्या पिनेजवळ आहे की रेग्युलेटरच्या बुडाशी, हे नेटलिस्टमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, लिहिलेलं नसतं. तो रेग्युलेटरच्या बुडाशी होता, कारण तिथे मोठे पार्ट एका रांगेत छान दिसत होते.

आणि ग्राउंड, म्हणजे करंट परत येण्याची वाट. राउटरने ग्राउंडलाही इतरांसारखीच एक नेट धरलं आणि झाडाच्या फांद्यांसारखं पसरवलं. वरच्या लेयरवर आडवे ट्रेस, खालच्यावर उभे, ही त्याची नेहमीची शिस्त. मुलाने नंतर दोन्ही लेयरवर ग्राउंडचा कॉपर पोर (रिकाम्या जागेत पसरलेलं तांबं) भरला, त्यामुळे बोर्ड बघायला भरगच्च झाला; पण उभ्या ट्रेसनी खालच्या पोरच्या पट्ट्या पट्ट्या केल्या होत्या. दोन पट्ट्या जोडल्या होत्या त्या कुठे एका व्हायाने, कुठे अर्ध्या मिलिमीटरच्या चिंचोळ्या गळ्यातून.

अडचण

पहिली लॉट शंभराच्या आसपास होती. युनिटमध्ये प्रत्येक बोर्ड तपासून, फोन लावून, मोटर फिरवून बाहेर गेला. तक्रारी मे महिन्यात सुरू झाल्या, आणि त्या तीन तऱ्हेच्या होत्या.

सगळ्यांत जास्त तक्रार ही: मोटर फोनवरून चालू होते, मग मेसेज पाठवताना डबा रिसेट होतो. मेसेज येत नाही, कधी मोटरही बंद पडते. अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याने फोनवर दोन शब्दांत निदान सांगितलं: “भाऊ, डबा मरी गया.” पाच मिनिटांनी तोच डबा जिवंत, त्यामुळे दुरुस्तीला गेलेल्या माणसासमोर सगळं ठीक. बाग निसवणीला आलेली, वरून मे महिन्याची गरम हवा, अशात पाणी चुकलं तर शेतकरी काय बोलेल ते नानांनी ऐकून घेतलं.

दुसरी तक्रार, विहिरीत पाणी असताना ड्राय रन (मोटर कोरडी चालणं) दाखवून मोटर थांबते. तिसरी तक्रार म्हणजे एकच बोर्ड, पण तो बघून नाना गप्प झाले. फेजच्या टर्मिनलजवळ बोर्ड काळा पडला होता आणि त्या काळ्या पट्ट्यात मुंग्या चिकटलेल्या होत्या.

डिझायनरचं म्हणणं होतं की मॉड्यूलची लॉट खराब आहे. म्हणण्याला आधारही होता: युनिटमध्ये एकही बोर्ड रिसेट होत नव्हता, बोर्ड सगळे सारखेच आणि डीआरसी स्वच्छ. नानांना वाटत होतं सिमकार्डवाल्या कंपनीचा घोळ आहे. मला बोलावलं तेव्हा दुकानदाराकडे दुसऱ्या मॉड्यूलची ऑर्डर जवळपास गेली होती.

शोध

युनिटमध्ये बिघाड दिसत नाही आणि शेतात दिसतो, तर दोन ठिकाणांत फरक काय? टॉवर आणि ऊन.

टू-जी फोन सतत बोलत नाही, हप्त्याहप्त्याने बोलतो. दर ४.६१५ मिलिसेकंदांत ५७७ मायक्रोसेकंदांचा एक बर्स्ट, म्हणजे सेकंदाला साधारण २१७. टॉवर जवळ असेल तर नेटवर्क मॉड्यूलला हळू बोलायला सांगतं. टॉवर लांब असेल तर मॉड्यूल पूर्ण २ वॅटवर जातं, आणि तेव्हा त्या बर्स्टपुरता करंट २ अँपिअरपर्यंत चढतो. एमआयडीसीत सिग्नलच्या काड्या भरलेल्या. तिथे मॉड्यूलने कधी २ अँपिअर मागितलेच नव्हते.

म्हणून ऑफिसातलं लोखंडी कपाट रिकामं केलं, बोर्ड आत ठेवला, दार प्रोबची वायर जाईल इतकंच उघडं ठेवलं. सिग्नल एका काडीवर आला. ऑसिलोस्कोपचा प्रोब मॉड्यूलच्या सप्लाय पिनेवर आणि त्याची ग्राउंड क्लिप मॉड्यूलच्याच ग्राउंड पिनेवर; रेग्युलेटरच्या ग्राउंडवर नाही, हे महत्त्वाचं, कारण निम्मा आजार ग्राउंडमध्येच होता. मेसेज पाठवला. स्क्रीनवर ४ व्होल्टच्या सरळ रेषेला खाली जाणारे खड्डे पडले, एकसारख्या अंतरावर, प्रत्येक खड्डा अर्ध्या व्होल्टपेक्षा खोल. मग बोर्डवर हेअर ड्रायर धरला. खड्डे आणखी खोल गेले आणि मॉड्यूल बंद पडलं.

आकडे कागदावरही जुळले. ३५ मायक्रॉन तांब्याच्या ट्रेसचा रोध चौरसांत मोजायचा: ट्रेसच्या लांबीत त्याच्याच रुंदीचे जितके चौरस बसतील तितके गुणिले साधारण अर्धा मिलिओहम. राउटरने मॉड्यूलचा सप्लाय सीटीच्या भागाला वळसा घालून, दोनदा लेयर बदलून नेला होता. लांबी ९० मिमी, रुंदी ०.३. म्हणजे ३०० चौरस, १५० मिलिओहम. परतीचं ग्राउंड त्या पट्ट्या-गळ्यांतून जवळपास तितकंच. एकूण ३०० मिलिओहम, त्यातून २ अँपिअर: ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. ४ मधून ०.६ वजा केले की ३.४ उरतात, आणि या वर्गातल्या मॉड्यूलची खालची मर्यादा साधारण तेवढीच असते. वर मे महिना. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. भुसावळकडे बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या बंद पत्र्याच्या डब्यात ६५ सहज होतात. २० अंशांच्या हिशेबापेक्षा रोध १७-१८ टक्क्यांनी जास्त. आता ०.७ व्होल्ट जातात, मॉड्यूलला ३.३ मिळतात.

नानांना हे ठिबकच्या भाषेत लगेच पटलं. लांबलचक बारीक लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरला दाब कुठून मिळणार, हे त्यांनीच मला उलट विचारलं.

ड्राय रनचं अर्धं कारणही बोर्डवरच सापडलं. सीटीचा बारीक सिग्नल नेणारा ट्रेस बक रेग्युलेटरच्या इंडक्टरखालून गेला होता, आणि त्याचं ग्राउंड रिलेच्या परतीच्या वाटेवरच लटकलेलं होतं. रिले ओढला की रीडिंग हलायचं. राउटरच्या लेखी ही आखूड आणि स्वस्त वाट होती, त्यात त्याचं काय चुकलं?

जळलेल्या बोर्डचं कोडं फारसं नव्हतं. फेजच्या ट्रेसपासून ग्राउंड पोर पाव मिलिमीटरच्या नियमानेच बसला होता, प्रत्यक्षात अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट म्हणजे शिखराला ५८५ च्या वर. धूळ, पहाटेचा ओलावा आणि आत शिरलेल्या मुंग्या, एवढं पुरलं. खरं तर तीन तक्रारींत हीच सगळ्यांत गंभीर. रिसेट झालेला डबा शेतकऱ्याला छळतो, हा डबा त्याला शॉक देऊ शकतो. संख्येने एकच म्हणून ती यादीत शेवटी होती. मी ती वर घ्यायला लावली आणि त्या लॉटमधल्या बोर्डांची टर्मिनलकडची बाजू घासून, साफ करून, कोटिंग मारल्याशिवाय एकही डबा पुन्हा लावायचा नाही असं आधी ठरवून घेतलं.

पर्याय

टेबलवर चार गोष्टी आल्या.

डिझायनरचा कल नियम सुधारून पुन्हा ऑटोराउट करण्याकडे होता. पॉवर नेटला २ मिमी जाडी, फेजच्या नेटला मोठं अंतर, बाकी तसंच. हे करून पाहिलं. जाडीचा प्रश्न सुटला, पण ग्राउंड पुन्हा फाटलं, आणि जाड ट्रेसना वाट काढताना राउटर काही नेटवर अडून बसला. तेच ट्रेस उखड, पुन्हा टाक, असा रात्रभर फिरत राहिला. जाडी सांगता येते. ‘हा करंट गेला त्याच वाटेखालून परत यावा’ हे नेट क्लासमध्ये सांगायची जागाच नाही.

दुसरा पर्याय चार लेयर. आतला एक अख्खा लेयर ग्राउंडला दिला की निम्मी भांडणं मिटतात, हे खरं आहे, आणि घाईत असलेल्या कुणालाही मी आधी हेच सुचवतो. पण नानांचा डबा बाजारात दहा-दहा रुपयांवर घासाघीस करून विकला जातो. चार लेयरचा बोर्ड बराच महाग, हातात यायला उशीर, आणि या सर्किटचा वेगही तितका नाही. नानांनी होकार दिला नाही.

तिसरा, सगळा बोर्ड हाताने. जमलं असतं. पण बोर्डवरच्या बहुतेक नेट एलईडी, बटणं, डिस्प्ले, प्रोग्रामिंगच्या पिना अशा निरुपद्रवी होत्या. त्या हाताने काढण्यात डिझायनरचा जो वेळ जाणार तो सीझनमध्ये नव्हता.

चौथा पर्याय म्हणजे मधली वाट: पार्टची जागा पुन्हा विचार करून ठरवायची, ज्या नेटमधून करंट किंवा जोखीम वाहते त्या हाताने काढून लॉक करायच्या, उरलेलं राउटरला द्यायचं. हाच निवडला.

शेतातल्या जुन्या बोर्डांचं काय, यावर वेगळी चर्चा झाली. मॉड्यूलजवळ मोठा कॅपॅसिटर लावा म्हणजे झालं, असं जवळपास सगळ्यांनी सुचवलं. हिशेब तेवढा उदार नाही. एका बर्स्टला २ अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद, म्हणजे १.१५ मिलिकूलॉम लागतात. १००० मायक्रोफॅरडने एकट्याने ते दिले तर त्याचं स्वतःचंच व्होल्टेज १.१५ ने पडेल. मागे ३०० मिलिओहमची वाट धरली तरी ०.६ चा खड्डा कसाबसा ०.५ वर येतो. २२०० मायक्रोफॅरड लावला तर ०.३५ च्या आसपास. उलट ९ सेंटिमीटरची १ चौरस मिमीची तांब्याची वायर दीड-दोन मिलिओहमचीच असते. म्हणून दोन वायरी, एक सप्लायची आणि एक ग्राउंडची, रेग्युलेटरपासून थेट मॉड्यूलच्या पिनांपर्यंत. आणि सोबत कॅपॅसिटर. फक्त सप्लायची वायर टाकून ग्राउंड तसंच ठेवलं असतं तर निम्मंच काम झालं असतं.

कृती

जुने बोर्ड परत आणून वायरी मारण्याचं काम पॅनल वायरिंग करणाऱ्या बायकांनी केलं, आणि सोल्डरिंग डिझायनरपेक्षा नीट केलं.

नव्या बोर्डवर सगळ्यांत जास्त वेळ गेला तो पार्टच्या जागेत, आणि तिथेच तो जायला हवा होता. फेजची टर्मिनलं, रेझिस्टर-साखळ्या आणि रिलेचे कॉन्टॅक्ट एका कडेला. तिथून बाकीच्या सर्किटपर्यंत आम्ही ८ मिमी मोकळी जागा ठेवली आणि रिलेच्या पोटाखाली बोर्डमध्ये खाच कापून घेतली, म्हणजे धूळ बसली तरी सलग वाट होऊ नये. बक रेग्युलेटर उचलून मॉड्यूलच्या शेजारी आणला. कॅपॅसिटर मॉड्यूलच्या पिनेला टेकून. सीटी आणि त्यांचा फिल्टर इंडक्टरपासून दूर, मायक्रोकंट्रोलरच्या मोजणाऱ्या पिनांसमोर.

मग एक गोष्ट लक्षात आली जी कुठलाच राउटर करून देत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या पिनांचं वाटप डिझायनरने फर्मवेअर लिहायला सोयीचं म्हणून क्रमाने केलं होतं: पहिल्या पोर्टवर एलईडी, दुसऱ्यावर बटणं, तिसऱ्यावर रिले. बोर्डवर मात्र एलईडी चिपच्या उजवीकडे आणि त्यांच्या पिना डावीकडे. न जोडलेल्या नेट दाखवणाऱ्या बारीक रेघांचं जाळं चिपभोवती गुंतून बसलं होतं, आणि राउटर इमानदारीने त्या प्रत्येक गुंत्यावर दोन-दोन व्हाया मारून पलीकडे जात होता. खालचं ग्राउंड फाटण्याचं मोठं कारण हेच होतं. मोजण्याच्या आणि मॉड्यूलशी बोलण्याच्या पिना ठरलेल्या असतात, त्या हलल्या नाहीत. बाकीच्या पिना बोर्डकडे बघून पुन्हा वाटल्या. फर्मवेअरमध्ये एका हेडर फाइलमधल्या काही ओळी बदलल्या. जाळं डोळ्यादेखत सरळ झालं. डिझायनरला हे अवघड गेलं नाही, कारण दोन्ही कामं त्याचीच होती. जिथे फर्मवेअरवाला आणि लेआउटवाला वेगवेगळ्या गावांत बसतात तिथे हीच गोष्ट ईमेलमध्ये आठवडाभर अडते.

हाताने काढलेल्या नेट मोजक्याच: फेज, रिले, १२ व्होल्ट, रेग्युलेटरचा इनपुट कॅपॅसिटर-स्विच-डायोड हा छोटा फेरा, मॉड्यूलचा सप्लाय, अँटेना, सिमकार्डच्या ओळी आणि सीटी. मॉड्यूलचा सप्लाय ३ मिमी रुंद, १५ मिमी लांब. पाच चौरस, अडीच मिलिओहम. खालचा लेयर ग्राउंडसाठी राखला. हे सगळं लॉक करून फाइल फ्रीराउटिंगला दिली. राउटरमध्ये व्हायाची किंमत वाढवली, खालच्या लेयरवर ट्रेस टाकायची किंमत त्याहून वाढवली, म्हणजे अगदीच अडलं तर आखूड उडी मारून पुन्हा वर ये. फाइल परत घेतल्यावर लॉक केलेले ट्रेस जागेवर आहेत ना, हे एकेक करून पाहिलं.

या वेळी राउटर चहा थंड व्हायच्या आत संपला. एक-दोन ठिकाणी त्याने उगीच लांब फेरा मारला होता, एक ट्रेस रिलेच्या खाचेच्या कडेला जाऊन चिकटला होता. ते हाताने नीट केले. खालचं ग्राउंड जवळपास अखंड राहिलं.

निकाल

नवा बोर्ड त्याच लोखंडी कपाटात, त्याच हेअर ड्रायरखाली. मॉड्यूलच्या पिनेवरचा खड्डा दीडशे मिलिव्होल्टच्या आत, आणि तोही बराचसा रेग्युलेटर सावरण्याचा वेळ. रिसेट झाला नाही. वायरी मारलेले जुने बोर्डही टिकले.

ड्राय रनच्या तक्रारी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. उरलेल्यांपैकी काही खऱ्याच निघाल्या. मे महिन्यात विहिरीची पातळी इतकी खाली गेलेली की मोटर काही वेळ पाणी ओढायची, मग हवा. वरून बघणाऱ्याला विहिरीत पाणी दिसतंच. तिथे बोर्ड बरोबर होता. त्याच्यावर इलाज फर्मवेअरमध्ये केला: पहिल्यांदा थांबल्यावर काही वेळाने पुन्हा प्रयत्न आणि मेसेजमध्ये ‘पाणी तुटक येत आहे’ असं स्पष्ट लिहिणं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू गर्बर पाठवण्याच्या सकाळचा. ‘१०० टक्के’ आणि ‘शून्य चुका’ हे दोन आकडे पाहून फाइल गेली. डीआरसी फक्त तुम्ही लिहिलेले नियम तपासतो. नियम एकच असेल तर तो एकच तपासणार. त्या दिवशी स्कीमॅटिकवर प्रत्येक पॉवर नेटशेजारी जास्तीत जास्त करंट पेन्सिलने लिहिला असता आणि ट्रेसची लांबी-रुंदी मोजली असती, तर तो ३०० चौरसांचा ट्रेस कुणाच्याही डोळ्यात भरला असता. आता युनिटमध्ये ही पेन्सिलची पद्धत सुरू झाली आहे. स्कीमॅटिकचा प्रिंट काढावा लागतो म्हणून मुलगा कुरकुरतो.

दुसरा, तपासणीचा. बोर्ड तपासले ते सगळ्यांत चांगल्या सिग्नलवर आणि पंख्याखाली. जिथे डबा लागणार तिथली वाईट परिस्थिती टेबलवर आणायला लोखंडी कपाट आणि हेअर ड्रायर पुरले.

तिसऱ्यावर माझं आणि डिझायनरचं अजून एकमत नाही. मला वाटतं राउटर शेवटी लावायचा नसतो, आधीच लावायचा असतो. पार्ट ठेवले की पाच मिनिटं राउटर चालवून बघायचा आणि निकाल फेकून द्यायचा. तो कुठे अडतो, कुठे व्हायांचा ढीग घालतो, हे बघितलं की जागा कुठे चुकली ते कळतं. पहिल्या बोर्डवर तो रात्रभर झगडला, हीच खूण होती. ती ‘झालं एकदाचं’ म्हणून वाचली गेली. डिझायनरचं म्हणणं, वेळ नसताना राउटरने पूर्ण केलेला बोर्ड फेकून देणं कुणाला जमणार. तेही खोटं नाही.

चौथा, लॉटचा. शंभर बोर्डांऐवजी पहिले दहा करून ते मुद्दाम पायथ्याच्या गावांत, टॉवरपासून लांब लावले असते तर दुरुस्तीचा खर्च दहा बोर्डांपुरता राहिला असता. सीझन तोंडावर असताना हे नानांना कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

आता पुढच्या बोर्डवर फोर-जी मॉड्यूल येणार आहे. त्याची करंट मागण्याची तऱ्हा वेगळी, सोबत यूएसबीची जोडओळ, ती दोन ट्रेस शेजारी-शेजारी सारख्या लांबीने न्यायची असते. चार लेयरचा विषय नानांसमोर पुन्हा निघाला आहे. त्यांनी दोन्ही बोर्डांचे भाव मागवलेत. वायरी मारलेले जुने बोर्ड अजून शेतात आहेत. कॉन्टॅक्टरच्या धक्क्याने एकाची वायर सुटून तो परत आला. तेव्हापासून वायरीला मधोमध सिलिकॉनचा ठिपका देतात, आणि जो जुना बोर्ड दुरुस्तीला येईल तो परत न देता नवा द्यायचा असं ठरलं आहे.